खरा गावकरी पाहिजे

अपर लिनबरी हे इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातले एकशे बारा वस्तीचे गाव असून त्यातले एकशे अकरा जण परदेशातून निवृत्त होऊन आलेले आहेत. एकशे बारावी फ्रिथबाईंची बहीण. ती पाहुणी म्हणून आली ती गेलीच नाही. मी स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी नैरोबीहून केवळ शांततेसाठी आलो आणि तिसऱ्याच दिवशी ग्रामशोभा समितीचा चिटणीस झालो. आधीच्या चिटणिसाने दप्तर माझ्या हातात दिले, ‘हंफ्री, दोन मिनिटं धर’ म्हणाला आणि समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात निघून गेला. आता मी एक्याऐंशीचा आहे. समितीच्या नियमानुसार बदली माणूस मिळाल्याशिवाय चिटणिसाला राजीनामा देता येत नाही. मरण हे सबळ कारण म्हणून नियमात नमूद नाही.

म्हणून मस्कतचे क्लाइव्ह आणि रोझलिंड टफ्नेल निवृत्तीसाठी खेडे शोधत आहेत, असे घरांच्या दलालाने कळवले तेव्हा मला हर्ष झाला. क्लाइव्हने एकतीस वर्षे एका कंपनीच्या सभांची इतिवृत्ते लिहिली होती. मला देवच पावला होता.

तो पंचवीस मुद्द्यांची यादी घेऊन आला.

“बस?”

“थांबा आहे,” मी म्हणालो. तो खरोखरच आहे. फ्रिथबाई त्यात कुंड्या ठेवतात.

“डॉक्टर?”

“समोरच राहतात.” त्यांची डॉक्टरेट शेवाळावर आहे.

“ते सगळं ठीक,” रोझलिंड म्हणाली. “पण इथे खरे गावकरी आहेत ना? आधी पाहिलेल्या तीन गावांत नुसते आमच्यासारखेच भरलेत!”

शेवटचा खरा गावकरी आयव्हर प्रॉसर गोठा विकून स्पेनला निवृत्त झाला होता. ऊन बरे असते म्हणाला.

“आहे की,” मी म्हणालो. “आज बाजाराला गेलाय. रविवारी या.”

त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि एक खरा गावकरी नेमण्याचा ठराव मंजूर झाला. हाँगकाँगच्या बँकेतून निवृत्त झालेले बर्नार्ड ऑकली यांचे हात मोठे असल्याने निवड बिनविरोध झाली.

“अहो, पण मला गाईची भीती वाटते,” बर्नार्ड म्हणाला.

“गाय आणतंय कोण? फाटकाला टेकून उभं राहायचं,” अध्यक्षा फ्रिथबाई म्हणाल्या. “आणि जास्त बोलायचं नाही. पाऊस येईल, एवढंच म्हणायचं.”

“आणि नाही आला तर?”

“इंग्लंड आहे हे, बर्नार्ड.”

रविवारी बर्नार्ड गमबुटांना चिखल लावून उभा राहिला. त्याने आभाळाकडे बघितले आणि म्हणाला, “येईल.” रोझलिंडच्या डोळ्यांत पाणी आले. क्लाइव्हने त्याचा फोटो काढला. आठवड्यात घर ठरले.

सामान उतरताच मी दप्तर घेऊन त्यांच्या दारात हजर झालो.

“छे हो,” क्लाइव्ह म्हणाला. “आयुष्यभर हेच केलं. इथे विश्रांतीसाठी आलोय.” समितीचे सदस्यत्व मात्र दोघांनी आनंदाने घेतले, कारण सदस्याला लिहावे लागत नाही, फक्त हरकत घ्यावी लागते. बर्नार्डचे बिंग पत्ते खेळताना फुटले. रोझलिंड म्हणाली, “हे बाहेर जाता कामा नये. घराची किंमत उतरेल.”

पुढच्या महिन्यात ग्वेन प्रॉसरचा अर्ज आला. ही आयव्हरची मुलगी, वय चाळीस, घरोघर जाणारी परिचारिका. गावातल्या नऊ जणांच्या पायांच्या पट्ट्या बदलायला ती शहरातून तासभर गाडी हाकत येते. बापाने तिच्या नावावर ठेवलेल्या शेताच्या कोपऱ्यात तिला दोन खोल्या बांधायच्या होत्या. शेवटी तिने लिहिले होते : परवानगी मिळाल्यास चिटणिसाचे काम मी आनंदाने करीन. ते वाक्य मी तीनदा वाचले.

सभेला ती स्वतः आली.

“घराला विरोध नाही,” क्लाइव्ह म्हणाला. “पण या धुणं बाहेर वाळत घालणार.”

“आणि पांढरी गाडी दारात,” रोझलिंड म्हणाली. “गावाचं गावपणच जाईल.”

“एक आलं की मागून दहा येतात,” फ्रिथबाई म्हणाल्या.

“फ्रिथबाई, मी आले नाही, मी इथलीच आहे,” ग्वेन म्हणाली. “तुम्ही राहता ते घर म्हणजे आमची शाळा. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाढे शिकले.”

“म्हणजे तुमचे हितसंबंध गुंतलेत. तशी नोंद घ्या, हंफ्री.”

मते पडली तीन विरुद्ध तीन. निर्णायक मत चिटणिसाचे. दप्तर माझ्या मांडीवर होते आणि माझी सुटका समोर उभी होती. पण शेताचा तो कोपरा माझ्या खिडकीतून दिसतो. रोज संध्याकाळी मी तिथे बघत चहा घेतो. उद्या तिथे छप्पर दिसणार. माझा हात विरोधात वर गेला. लाज वाटली, पण हात काही खाली आला नाही.

ग्वेनने कागद गोळा केले. “बरं. मग रविवारी फाटकाशी उभी राहू का? बर्नार्डचे गुडघे गेलेत, मला माहितीय. मीच शेकते ते.”

तिने टोमणा मारला होता. फ्रिथबाईंनी तो सूचना म्हणून दाखल करून घेतला. ग्वेन हसली, मग म्हणाली, “बघूच तर.” दर रविवारी अकरा ते चार ग्वेन खरी गावकरी राहील व पाचपर्यंत गाव सोडील, असे एकमताने ठरले.

परवा ब्रिस्बेनहून एक जोडपे गावातले एक रिकामे घर बघायला आले. ग्वेनने त्यांना कोणते शेत पाण्याखाली जाते, बस कधी बंद झाली आणि खरा डॉक्टर किती लांब आहे, ते सगळे नीट सांगितले. दोघे हिरमुसून माझ्याकडे आले.

“बाई चांगल्या आहेत हो,” नवरा म्हणाला, “पण अस्सल वाटत नाहीत. दलालाच्या जाहिरातीतल्या फोटोत फाटकाला टेकलेले ते म्हातारे कुठे आहेत?”

मी तक्रार नोंदवून घेतली. ग्वेनला त्याच दिवशी कमी केले.

तेव्हा ते घर अजून रिकामे आहे. आता पुरे, एखाद्या खेड्यात साध्या माणसांत जाऊन राहावे, असे तुम्हीही म्हणतच असाल. अवश्य या. फक्त दोन दिवस आधी कळवा. असलेली साधी माणसे हलवायला तेवढा वेळ लागतो.