फक्त एक पार्ट राहिला

लक्ष्मणजी पराते चहाचा शेवटचा घोट कधीही पीत नसत. कप कितीही लहान असो, चहा कितीही फक्कड जमलेला असो, तळाशी घोटभर ठेवूनच ते कप बशीत ठेवायचे. आमच्या सौभाग्यवतींनी हे बरेच दिवस मनाला लावून घेतलं. पत्ती बदलली, आलं वाढवलं, दूधवाल्याला दम दिला, तरी घोट आपला जागच्या जागी. शेवटी तिनं तोंडावरच विचारलं. लक्ष्मणजी म्हणाले, "चहा फस्टक्लास हाये वैनी. पण सबन संपवाचं नसते."

हे 'सबन संपवाचं नसते' त्यांच्या घरभर पसरलेलं होतं. ताटात भाकरीची कोर राहायची. साखरेच्या डब्याचा तळ दिसायच्या आत नवी साखर पडायची. काडेपेटीतली शेवटची काडी ते ओढत नसत. नवी पेटी आणून ती जुनी काडी तिच्यात ठेवत. लोणच्याच्या बरणीत तर म्हणे त्यांच्या लग्नातल्या लोणच्याची एक फोड होती. ती मी पाहिली नाही, पण वास घेतला होता.

नागपुरात, महालातल्या एका गल्लीत आमची घरं समोरासमोर होती. ते खापरखेड्याच्या पावरहाऊसमध्ये मीटर दुरुस्त करत, मी एका सरकारी कचेरीच्या बारनिशीत आलेल्या कागदांवर शिक्के मारत असे. यातलं देशाच्या उपयोगाचं काम कोणतं, यावर आमचे ओट्यावर वाद होत. त्यांची बायको सुमनबाई पोरगी लहान असतानाच गेली होती. घरात ते आणि वंदू, दोघंच. वंदूची वेणी घालायला ते आमच्या हिच्याकडून शिकले आणि पुढे हिच्यापेक्षा चांगली घालू लागले.

त्या ऐंशीनंतरच्या वर्षांत जिकडेतिकडे कॉम्प्युटरचं नाव निघायला लागलं होतं. आमच्या कचेरीत त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात मी घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. यंत्र मात्र पाहिलं नव्हतं. लक्ष्मणजींनी ते पाहिलं वंदूच्या कॉलेजात. गार केलेली खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आत टेबलावर यंत्र. वंदूनं बटणं दाबून त्याच्यावर बापाचं नाव उमटवलं. संध्याकाळी लक्ष्मणजी ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "माहं नाव हिरवं होऊन आलं जी."

तयार कॉम्प्युटर म्हणजे त्या काळी राहतं घर विकायचं काम. पण वंदू इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. तिनं सांगितलं, बाबा, पार्ट-पार्ट जमवले तर घरीच जुळते. झालं. मी विचारलं, घेऊन करणार काय? म्हणाले, चालू करीन. मी म्हटलं, आणि मग? ते म्हणाले, मग पाहीन.

पुढचे कितीतरी रविवार त्या घरात पार्ट निवडण्यात गेले. हिवाळ्याचं ऊन दारातून आत येऊन चटईवर पसरलेलं असायचं. त्या उन्हात बापलेक मांडीला मांडी लावून दिल्ली-मुंबईच्या दुकानांची दरपत्रकं वाचत बसायचे. मधोमध संत्र्याच्या सालांचा ढीग आणि तारांना डाख द्यायच्या कथलाचा वास. रंगीत पडदा नको, हिरवा बस्स. हिशेबाची वेगळी चिप नको, हिशेब वंदू करते. हार्डडिस्क नावाची वस्तू तर बाकीच्या सगळ्या मशीनपेक्षा महाग होती. लक्ष्मणजी म्हणाले, "एवढं याद ठेवून करते काय माणूस? कामाचं तेवढं फ्लॉपीत ठेवू, बाकी इसरून जाऊ." दुकानदारांच्या कागदावरच्या वस्तू ते अशा खोडत जात, आणि जी उरे तिच्याकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत बसत.

मुख्य बोर्ड आला तेव्हा मला खास बोलावणं आलं. हिरव्या पाटीवर चंदेरी रेघाच रेघा. लक्ष्मणजींनी मला त्या पाटीवरून अख्खं नागपूर फिरवून आणलं. हे टोक म्हणजे खापरखेडा, हितून लाईट येते. ही सरळ रेघ रामदासपेठेचा रोड. आणि ह्या सगळ्या काळ्या चिपा दाटीवाटीनं बसल्या आहेत ना, ही धंतोली. सगळे मोठेमोठे डॉक्टर. एकाकडे गेलं की तो चिठ्ठी देऊन दुसऱ्याकडे पाठवतो. मला कॉम्प्युटर जेवढा कळला तेवढा त्या दिवशी कळला, आणि आजही मी तेवढ्यावरच भागवतो.

बोर्डाजवळ जाण्याचे नियम कडक होते. आधी अंगणातल्या नळाला हात लावायचा. अंगातली वीज नळातून जमिनीत गेली पाहिजे, नाहीतर चिप मरते. गल्लीतल्या बायकांना वाटलं, पराते म्हातारपणी सोवळं पाळायला लागले. दुसरा नियम, नायलॉन-टेरिलीन घालून आत यायचं नाही. मी टेरिलीनची पँट घालून गेलो की मला उंबऱ्यावर धोतर मिळायचं. "नायलॉननं आमचे माग खाल्ले," ते म्हणत, "आता चिपा खाईन." लक्ष्मणजी विणकराच्या घरातले. बापाचा हातमाग त्याच खोलीत होता, जिथं आता चटई होती.

दिल्लीला जाणाऱ्या माणसाची बातमी त्यांना त्याच्या बायकोच्या आधी कळायची. मी मेहुण्याच्या लग्नाला दिल्लीला गेलो तर परतताना मांडीवर पावर सप्लाय. विटेएवढा जड डबा, आणि तो खाली ठेवायचा नाही अशी ताकीद. फ्लॉपीचा ड्राइव्ह कोणी मिठाईच्या खोक्यातून आणला, त्याला मुंग्या लागल्या. लक्ष्मणजींनी त्या फुंकर घालून एकेक करून उडवल्या, मारल्या नाहीत. आणि दर पार्ट आला की ओट्यावर येऊन सांगायचे, "आता फक्त एक पार्ट राहिला जी."

कॅबिनेट विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ते इतवारीतल्या पेटीवाल्याकडे माप देऊन आले. पेटीवाल्यानं विचारलं, कोणासाठी? हे म्हणाले, पोरीसाठी. पेटीवाल्याचा हात बसलेला लग्नाच्या पेट्यांवर. त्यानं मापाबरहुकूम पत्रा वाकवला, हिरवा रंग दिला, वर दोन कमळं आणि एक मोर काढला, खाली 'चि. सौ. कां. वंदना' लिहिलं आणि कुलपाला कडी लावून दिली. वंदू हसून हसून चटईवर आडवी झाली. लक्ष्मणजी मात्र मोरावरून बोट फिरवत म्हणाले, राहू दे, काय बिघडते.

त्याच सुमारास आमच्या हिनं वंदूसाठी एक स्थळ आणलं. हिच्या मावसभावाचा मुलगा, नाशिकला नोकरी, स्वभावानं गरीब. वंदूला मुलगा आवडला. पण तिनं एक अट घातली. बाबांचं मशीन पुरं झाल्याशिवाय मी या घरातून जाणार नाही. सगळे हसले. एकच पार्ट तर राहिला होता.

आणि इथून घोडं अडलं. बीप वाजवणारा एक छोटा स्पीकर बसवला की काम खलास होतं. सीताबर्डीवर कोणत्याही दुकानात मिळेल अशी चीज. लक्ष्मणजींनी एक आणला, तो म्हणे चिरका वाजतो. दुसरा घोगरा. तिसरा परत करून आले, कारण दुकानदार नीट बोलला नाही. मग पडद्याचा हिरवा रंग जास्तच पोपटी वाटायला लागला. पंख्याचा आवाज खटकायला लागला. हे मशीन जुळवायला ज्या माणसानं दिल्लीला जाणारी माणसं रस्त्यात अडवली, तो आता कथलाची कांडी हातात घेऊन नुसता दाराबाहेर बघत बसायचा. नाशिकची पत्रं येत होती. सोयरीक हातची जाणार असं दिसायला लागलं. आमच्या घरात शब्द हिनं टाकलेला, त्यामुळे बोलणी मला बसत होती.

एका संध्याकाळी मी तावातावानं त्यांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, "लक्ष्मणजी, काहून करून राहिले जी असं? पोरीले जन्मभर घरात ठेवाचं हाये का?"

ते रागावले नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि मागाची गोष्ट सांगायला लागले. लुगडं विणून झालं की विणकर माग कधी रिकामा करत नाही. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर शेपटी फणीत तशीच ठेवायची, नव्या ताण्याचा एकेक धागा तिला सांधायचा, आणि पुढं विणायचं. आजोबांनी भरलेला माग असा बापापर्यंत आला होता. मग हातमागाचं लुगडं खपेना. मागाच्या लाकडाला गिऱ्हाईक आलं, त्या दिवशी बापानं कैची घेतली आणि ताणा पुरा कापला.

"शेपटी नाई ठेवली," लक्ष्मणजी म्हणाले. "माग रिकामा झाला. मंग आमच्या घरात कितीक दिवस कोणी बोललंच नाई." मग म्हणाले, "सुमन गेली तवा वंदू होती. वंदू गेली का काय राहते जी? मशीन पुरं झालं का पोरगी जाईन."

माझा ताव कुठल्या कुठे गेला. चहाचा घोट, काडेपेटीतली काडी, लोणच्याची फोड, सगळं एकदम समोर आलं. इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो आणि तो आपला एकटाच धागा धरून बसला होता. आत वंदू तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज मघापासून थांबला होता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या रविवारी वंदूनं आम्हाला बोलावलं. सुती नेसून या, असं निक्षून सांगितलं. आम्ही नळाला हात लावून आत गेलो. वंदूनं माळ्यावरून आईचा ट्रान्झिस्टर काढला होता. सुमनबाई गेल्यापासून तो मुकाच होता. वंदूनं त्याची पाठ उघडली, आतला स्पीकर हलक्या हातानं सोडवला आणि बापापुढे धरला. "जुन्याले नवं सांधाचं ना बाबा? मंग हे सांधा."

एक तार लक्ष्मणजींनी लावली, एक वंदूनं. बटण दाबलं. फ्लॉपी घरघरली, पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकायला लागला, आणि मोराच्या पेटीतून स्वच्छ आवाज आला, टूं. आमच्या हिनं हात जोडले. लक्ष्मणजींनी मशीन बंद केलं, परत चालू केलं. टूं. परत बंद, परत चालू. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी आपणहून नाशिकला तार केली.

लग्न झोकात झालं. पाठवणीच्या वेळी एक घोळ झाला. वऱ्हाडातल्या पोरांनी सामान चढवता चढवता कमळं, मोर आणि नवरीचं नाव असलेली ती पेटीही उचलली आणि थेट गाडीच्या टपावर नेऊन बांधली. लक्ष्मणजी डोळे पुसायचे सोडून गाडीमागे धावले. "अरे बाप्पा, तिच्यात लुगडे नाई, धंतोली हाये," असं ओरडत होते. कोणाला काही कळेना. रडणारी वंदूसुद्धा हसली. पेटी उतरवून त्यांनी उराशी धरली. मग वंदू त्यांच्याजवळ आली आणि हळूच पदराची गाठ दाखवली.

"मशीन ठेवा बाबा. स्पीकर मी सकाळीच काढून घेतला. सबन संपवाचं नसते ना? दिवाळीले येतो तवा सांधू."

गाडी वळेपर्यंत लक्ष्मणजी पेटी तशीच धरून उभे होते.

दिवाळीला अजून बरेच महिने होते. एका संध्याकाळी मी सहज डोकावलो. खोलीत दिवा लावला नव्हता. दारातून येणारा उजेड विझत चालला होता आणि चटईवर मशीनसमोर लक्ष्मणजी सुती पंचा नेसून बसले होते. शेजारी कप होता, तळाशी घोटभर चहा. मी म्हटलं, दुसरा स्पीकर आणून देऊ का, बर्डीवर मिळतो. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. मग मला शेजारी बसवून घेतलं, नळाला हात लावायचीही आठवण केली नाही, आणि बटण दाबलं. फ्लॉपी घरघरली. हिरवा ठिपका आला. मशीन गप्प.

लक्ष्मणजी पडद्याकडे बघत, ओठांचा चंबू करून, अगदी हळू म्हणाले, "टूं."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "आला ना आवाज?"

मी म्हटलं, "आला जी."