जहाज आणि कोंबडा यांच्या मधली जागा

"मारेन, ती पेटी खाली ठेवू देऊ नकोस हं ओपांना. टिल्डा दिसेल ते तोंडात घालते," सासूबाईंनी बजावलं होतं.

"ओमा, तुम्हाला जिथेतिथे संकटंच दिसतात," म्हणून मारेन हसली होती. झोपलेल्या टिल्डाच्या, आपल्या बाळाच्या, नाकाशी आरसा धरून बघणाऱ्या मारेनला, आपल्याहून घाबरट कुणीतरी घरात आहे याचं बरंच वाटलं होतं.

पेटी सासऱ्यांची, म्हणजे टिल्डाच्या ओपांची, आजोबांची. ओट्टमारांना जुन्या खेळातल्या चकत्यांचं वेड. पत्त्यांच्या डावात लावायच्या पितळी चकत्या, मुलांच्या लुटुपुटूच्या दुकानातली खोटी नाणी. फ्युर्थ गावच्या जुन्या बाजारात जे मिळेल ते आणायचं आणि भिंग लावून ओळखत बसायचं. मखमलीत प्रत्येकीचा आपापला खळगा होता. त्या शनिवारीही ते गालिच्यावर पेटी मांडून बसले होते. "दुकानातल्या ढकलगाडीच्या फटीत घालायला सुट्टा युरो आहे का रे कुणाकडे?" असं ओरडत रोझविता ओमा वाणसामानाला निघाल्या, तेव्हा ओपा भिंगातच बुडाले होते. मग ओपा कॉफी आणायला उठले.

मारेन खोलीत आली तेव्हा टिल्डा पेटीशेजारी बसून काहीतरी चघळत होती. मारेनने तिच्या तोंडात बोट घातलं. ब्रेझेल पावाचा ओला तुकडा निघाला. मग तिची नजर पेटीकडे गेली. जहाजाच्या आणि कोंबड्याच्या छापाच्या चकत्यांमधला खळगा रिकामा होता.

"ओपा! जहाज आणि कोंबडा यांच्या मधे काय होतं?"

ओट्टमारांचा चेहरा उजळला. घरातल्या कुणी आजवर असा प्रश्न विचारला नव्हता. "अगं, तेच तर बघायचं! खोटं नाणं. एका बाजूला कैसर बादशहा, पण नाक चुकलेलं. बरोब्बर आताच्या युरोएवढं..."

"कशाचं?"

"साचा न्युरेम्बर्गचा असावा, पण..."

"धातू, ओपा! धातू कुठला?"

"शिसं," ते म्हणाले, आणि मग त्यांना टिल्डाचं हलणारं तोंड दिसलं.

मारेन कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती. इतर आयांना नुसती भीती वाटली असती. तिला ती साग्रसंगीत वाटली. दवाखान्यापर्यंत तिने टिल्डाच्या ओठांवरून नजर हलवली नाही. ओपा गाडी चालवत होते आणि प्रत्येक सिग्नलला म्हणत होते, "ते गुळगुळीत असतं गं, कडा मी बघितल्यात."

एक्स-रे पडद्यावर आला. मारेनने डोळे मिटले.

"छाप वर आहे का, डॉक्टर?" ओपांनी विचारलं. "कैसराचं नाक दिसलं तर खात्री पटेल."

"ओपा!"

"अगं, मी तुला धीर देतोय."

"पोटात फक्त वारा आहे," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरपूर."

"मग घशात असेल. फुप्फुसात?" मारेनने विचारलं.

"कुठेच नाही. शिसं असतं तर चंद्रासारखं चमकलं असतं."

"मग गेलं कुठे?" मारेनचा आवाज आणखी चढला. आता ते कुठेही असू शकत होतं: पाळण्यात, दुधाच्या बाटलीत, टिल्डाच्या पुढच्या घासात.

तेवढ्यात निरोप वाचून ओमा पिशव्यांसकट धावत आल्या. "काय गिळलंय पोरीने?"

"कैसर," ओपा म्हणाले. "चुकलेल्या नाकाचा."

ओमा थबकल्या. मग त्यांनी सावकाश खिशातून एक लखलखीत युरो काढला. "अरे, तो तर मी नेला. सामानाच्या ढकलगाडीच्या फटीत मस्त बसला! गाडी परत लावून तो काढून घ्यायला निघाले, तर एक बाई म्हणाली, 'ती मलाच द्या,' आणि हातावर खरा युरो ठेवला. फायदाच की!"

मारेन टिल्डाला छातीशी घट्ट धरून रडायला लागली. ओपा तिच्या शेजारच्या खुर्चीत कोसळले.

"कोणती बाई? कोणती गाडी?"

"गाडीसारखी गाडी, ओट्टमार! आणि मी सकाळीच मारेनला सांगितलं होतं, ती पेटी खाली ठेवू देऊ नकोस."

ओपा उठले आणि कोट न घालताच निघून गेले.

आता अंधारून आलंय. टिल्डा झोपलीय. मारेन खिडकीशी उभी आहे, आणि ओपांचा फोन टेबलावर वाजतोय. तेव्हा ओमांच्या त्या स्टेशनमागच्या वाणसामानाच्या दुकानाकडे कुणी जाणार असाल, तर ढकलगाड्यांच्या रांगेशी जरा डोकावून बघा. भिंग लावून फटी तपासणारे म्हातारे गृहस्थ दिसले, तर सूप गरम आहे म्हणून सांगा. आणि त्यांनी युरो पुढे करून तुमची गाडी मागितली, तर काही न विचारता देऊन टाका.