दोन्ही डोळ्यांचा फोटो

आमच्या शंकर फोटोवाल्यानं एका पाखराला "पावणं, जरा हनवटी वर" असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. पाखरू चिमणीपेक्षा थोडं लांबडं. त्याला हनवटी असलीच तर ती त्याच्या आईला ठाऊक.

मी चौथीपर्यंत शिकलो. ती चौथीही पुरी केली नाही, कारण मास्तर चुकीचं शिकवत होता. पण म्हशीतलं आणि माणसातलं मला कळतं, ते कुणी येऊन मला शिकवू नये. आणि शंकर वेडा आहे, हे माझं मत आजवर बदललेलं नाही.

चाळीस वर्षं त्यानं कोल्हापुरातल्या लग्नांचे फोटो काढले. वरमाई असो, रुसलेला मामा असो, त्याच्या एका आरोळीला सगळे गप्प उभे राहत. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला. स्टुडिओ बंद पडला, आरोळी तेवढी शिल्लक राहिली. ती आता पंचगंगेच्या पाणवठ्यावर पाखरांवर चालते.

थंडीच्या तोंडाला उत्तरेकडनं धोबी पक्षी येतात. पांढरेकाळे, शेपटी सारखी वरखाली. फाल्गुन लागला, की आपल्या मुलखाला परत. शंकर त्यांना पावणं म्हणतो आणि जायच्या आधी एकेकाचा वेगळा फोटो काढतो. तोही कसा?

"दोन्ही डोळं दिसाय पायजेत. एका डोळ्याचा फोटो अर्जालाबी चालत न्हाय."

"आरं, पाखराचं डोळं दोन अंगाला असत्यात."

"मग सरळ बघावं की त्यानं. आनि कानबी दिसाय पायजेत."

"पाखराला कान कुठं?"

"असत्यात. तुला म्हातारपनी दिसंनात."

शेपटी हलली, की हा कळवळून ओरडतो, "हलू नका! शेवटचाच हाय!" धोब्याची शेपटी थांबेल त्या दिवशी पंचगंगा उलटी वाहील.

औंदा सगळ्यांचे फोटो झाले, राहिलं एक लंगडं. डाव्या पायाला बोटं नाहीत, त्यामुळं ओळखू येतं. शंकरच्या म्हणण्याप्रमाणं ते तीन वर्षं येतंय आणि तिन्ही वर्षं फोटो न देता गेलंय. "या बारीला सोडत न्हाय," तो म्हणायचा, "फुडल्या सालाचं कुनी सांगावं?"

त्यासाठी त्याला माझी म्हैस लागे. राणी पाण्यातनं काठावर आली, की तिच्या पायाशी किडे उडतात आणि ते टिपायला धोबी तिच्यामागं पळतात. राणी माझ्या हाकेवर चालते, हाकेवर थांबते. दिवाळीला म्हशी सजवून फिरवतात तेव्हा निम्मी गल्ली तिच्याकडं बघते, निम्मी माझ्याकडं. अशा म्हशीला शंकर स्टुडिओतल्या स्टुलासारखी सरकवायला सांगे. "आप्पा, दोन पावलं डावीकडं घे. बास. शिंगं बाजूला कर, उजेड खात्यात."

मग एक दिवस त्यानं स्टुडिओतला रंगीत पडदा आणला. बर्फाचे डोंगर, ओढा, लाल कौलांचं घर. दोन बांबू रोवून काठावर उभा केला.

"हे कशाला रं?"

"थंड मुलखातली मानसं हायती. त्यास्नी घरच्यागत वाटाय नको?"

पाखरांना काय वाटलं कोण जाणे, धुणं धुणाऱ्या दोन मावश्या पदर सारखा करून पडद्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. शंकर म्हणाला, "सरका मावशी, पावण्यांची येळ झालीया." त्यावर त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. राणीनं पडद्यावरचा ओढा चाटून बघितला.

आणि एका सकाळी लंगडं आलं. राणीच्या पुढच्या पायाशी, बरोबर पडद्यासमोर. टुणटुण करत तोंड आमच्याकडं वळवायला लागलं. शंकर गुडघ्यावर बसला.

"आप्पा, म्हशीला हलवू नको. दोन मिनटं."

माझी दुधाची वेळ झाली होती. दूधकट्ट्यावर, म्हशी उभ्या करून दूध विकतात तिथं, गिऱ्हाईक समोर पिळलेलं दूध प्यायला पेला धरून उभं असतं. माझ्या म्हशीनं त्यांना कधी थांबवलेलं नाही. "दोन मिनटं दोन मिनटं मगाधरनं चाललंय तुझं," मी म्हणालो आणि राणीला हाक दिली. ती निघाली. पाखरू उडालं.

मला वाटलं, शंकर शिव्या देईल. मीही चार तयार ठेवल्या होत्या. पण त्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि पडदा तिथंच सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मी पडदा गुंडाळून त्याच्या घरी गेलो. माफी मागायला नव्हे, पडदा द्यायला.

भिंतभर धोबी. एकेकटा, एकेका चौकटीत. मध्ये त्याच्या बायकोचा हार घातलेला फोटो. तिला जाऊन चार वर्षं झाली. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातनं कापून मोठा केलेला. कुणाच्या फेट्याआड अर्धं तोंड, राहिलेलं अर्धं धुरकट.

"दुसरा न्हाय?"

"न्हाय. लई म्हनायची, माजा एक काढा. मी म्हनायचो, तू घरातलीच हाईस, कुठं पळून जातीस?"

एवढं बोलून शंकर चहा ठेवायला उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्याला हाताला धरून पाणवठ्यावर नेलं. राणीला उभी केली. ऊन चढलं. कट्ट्यावरनं निरोप आला, "आप्पा आजारी हायत काय?" मी सांगितलं, "म्हैस फोटो काढून घेतीया. थांबा म्हनावं." सलग तीन दिवस थांबलो. धोबी एकही दिसला नाही.

"गेलं, आप्पा," शंकर म्हणाला. "सोड म्हशीला."

'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडातनं आजवर निघालेला नाही. तवाही निघाला नाही. मी म्हणालो, "कॅमेरा घे आनि घरला चल."

माझी बायको गोठ्यात शेण भरत होती.

"हिचा काढ," मी म्हणालो. "एकटीचा."

"याड लागलंय काय तुमास्नी?" ती म्हणाली. "हात बघा माजं. थांबा, धुऊन येते."

शंकरनं कॅमेरा डोळ्याला लावला होता.

"जाऊ नका, वहिनी," तो म्हणाला. "हायसा तशा हुब्या ऱ्हावा."