बरगडी बघणारा सावंत

सावंत बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाकडे बघतो. आपल्याला वाटतं बटण तुटलंय, म्हणून आपणही खाली बघतो. तोवर त्याचं काम झालेलं असतं. घड्याळावर नजर टाकून तो म्हणतो, "सोळा. झकास." म्हणजे तुम्ही मिनिटाला सोळा श्वास घेताय. बायकांशी बोलताना मात्र तो नारळाच्या शेंड्याकडे बघतो. तेवढी अक्कल त्याला आहे.

मी लिहितोय म्हणून हसू नका. मी चौथीत शाळा सोडली. शाळेनेच मला सोडलं असं आमचे मास्तर सांगत, ते खोटं आहे. पण केळीच्या बागेत माझा हात धरील असा माणूस आमच्या वटार गावात असेल तर समोर आणा.

सावंत मूळचा कोकणातला. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून इकडे आला, नोकरीभर लोकांच्या म्हशी धरून उभा राहिला आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच आळीत खोली घेऊन राहिला. एकटा. जनावर बोलत नाही, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत त्याची कूस किती वेळा वरखाली होते ते मोजून ठेवायचं, हे त्याचं काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. "तोंडाकडे काय बघता? बरगडी बघा!" हे त्याचं पालुपद. मांजर बघतो, कोंबडी बघतो. बेडकापुढे तर उकिडवा बसून राहतो, कारण बेडकाला बरगडीच नाही म्हणे, तो गळ्याने हवा गिळतो. आळीतल्या आमच्या इनासच्या मयताला आला तेव्हा शवपेटीपाशी उभा राहून मिनिटभर एकटक बघत राहिला. लोकांना वाटलं, बघा किती जीव होता. इनासच्या बायकोने त्याचा हात धरला, "सावंतभाऊ, सावरा." तर हा सवयीने बोलून गेला, "शून्य."

माझं आणि त्याचं पहिलं भांडण गांडुळावरून झालं. बागेत पाणी सोडलं की गांडुळं वर येतात. मी म्हटलं, तहान लागली असेल. सावंत म्हणाला, "नाही हो बस्त्यावभाऊ, बिळात पाणी भरलं, हवा मिळेना, म्हणून वर आली. गांडुळाला नाक नाही, फुप्फुस नाही. ओल्या कातडीतूनच हवा आत घेतं. उन्हात कातडी वाळली की गुदमरून मेलं." आणि एकेक उचलून सावलीत ठेवू लागला. बाग माझी, गांडूळ माझं, आणि अक्कल शिकवणार हा! मी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तोच आला आणि ओटीवर बसून रक्ताची गोष्ट सांगू लागला. म्हणे अंगाच्या कणाकणात एकेक शेगडी आहे. जेवण हे तिचं लाकूड. पण नुसत्या लाकडाने पेटत नाही, हवा लागते. ती हवा फुप्फुसातून उचलायची, शेगडीपर्यंत पोचवायची आणि येताना तिथला धूर घेऊन यायचं, ही हमाली रक्ताची. हृदय म्हणजे मुकादम, मागून ढकलणारा.

"मग धूर दिसत का नाही?" मी विचारलं.

"तुमचा उच्छ्वास म्हणजे धूरच."

"आणि शेगडी विझली तर?"

"इनास."

आमची बायको फिलू आतून हसली. तिला सावंतचं बोलणं आवडतं, ही माझ्या घरातली फितुरी.

यंदा ईस्टर झाल्यावर मला दम लागायला लागला. विहिरीपासून ओटीपर्यंत यायचं तर वाटेत दोनदा केळीला हात टेकायचा. वय झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं. मूळव्याधीचं रक्त जात होतं, चार महिने. पण अशी जागा की सांगणार कोणाला? फिलूलाही सांगितलं नव्हतं.

दुपारी मी ओटीवरच्या बाकावर झोपतो. एकदा डोळा उघडला तर समोर सावंत, नजर माझ्या पोटावर.

"चोवीस," तो म्हणाला. "पावसाळ्यात पंधरा होते."

"पावसाळ्यात? तुम्ही रोज मोजता?"

"पेपर परत द्यायला येतो ना मी."

"मी काय म्हैस आहे?"

"म्हैस असता तर केव्हाच दवाखान्यात नेली असती. उद्या चला."

मी त्याला ओटीवरून घालवलं. पुन्हा पाय ठेवायचा नाही, असंही सांगितलं. बाप जन्मात दवाखान्यात गेला नाही, मी कशाला जाऊ?

सावंतने पाय ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुंपणाबाहेर रस्त्यावर छत्री उघडून उभा राहिला आणि तिथून मोजू लागला. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तर ओरडला, "पाठीवरूनही दिसतं!" येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं की हा सरळ आकडा सांगायचा. तीन दिवसांत आळीला माझा आकडा पाठ झाला. पोरं शाळेतून येताना विचारायची, आज किती? चौथ्या दिवशी मासळीवाली जयवंती पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यातूनच ओरडली, "बस्त्यावकाका, आज सव्वीस म्हनं? पानी घ्या, पानी!"

फिलू बाहेर आली. म्हणाली, "त्या माणसाला ऊन लागून तो मरेल, मग तुमचे श्वास मोजायला कोण येणार? चपला घाला."

मी चपला घातल्या. आजाराला भ्यालो नाही. जयवंतीच्या तोंडाला भ्यालो, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

डॉक्टरीण बाई नातीच्या वयाच्या. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढली आणि रक्त तपासायला पाठवलं. निम्मंच निघालं. मग जे चार महिने लपवलं ते त्या पोरीपुढे सांगावं लागलं. सावंत दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"हमाल निम्मे गेले," बाकावर शेजारी बसून तो म्हणाला, "म्हणून मुकादम धावतोय आणि फुप्फुसाचा भाता पळतोय. रक्त चढवतील, तिथला बंदोबस्त करतील. आणखी महिना गेला असता तर कठीण होतं." छत्रीची मूठ त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सावंत, तुमचे किती?"

"काय?"

"श्वास हो. तुमचे किती?"

तो हसला. "स्वतःचे मोजता येत नाहीत, बस्त्यावभाऊ. लक्ष गेलं की बदलतात. माणूस झोपेत असताना दुसऱ्याने मोजावे लागतात." आणि वरच्या पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझे कोणी मोजले नाहीत."

मला दोन बाटल्या रक्त चढलं, खालचंही काम झालं. आता विहिरीपासून ओटीपर्यंत न थांबता येतो. केळीला हात लावतो तो घड बघायला.

बरा झाल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलो तो दुपारी, फिलूचं घड्याळ घेऊन. सावंतच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तो खाटेवर उताणा, डोळे मिटलेले. मी स्टूल ओढलं, बसलो आणि बरगडी बघायला लागलो. एक लांब, दोन आखूड, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम तीन. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो, हे आता मलाही कळतं. पापणीही हलत होती.

तरी मी मिनिट पूर्ण होईपर्यंत मोजले, आणि आकडा मोठ्याने सांगितला.

"झकास," मी म्हटलं. "उद्या येतो."