पुसेकरांनी पुसायचं कुणाला?

बाळांनो, एका जंगलात एक हत्ती होता आणि त्या हत्तीच्या डोक्यात एक राज्य होतं. तुमच्याही डोक्यात असतं. म्हणजे, बऱ्याच जणांच्या असतं.

या राज्यात दोन घराणी होती. निरोप आला की टिळेकर कामकऱ्यांच्या कपाळाला टिळा लावत. टिळा लागला की कामकरी उठलाच. काम झालं की पुसेकर ओल्या फडक्यानं टिळा पुसत आणि तो खाली बसे. शहाणे लोक यांना कायनेज आणि फॉस्फटेज म्हणतात. आपण कशाला जिभेला त्रास द्यायचा?

टिळेकरांना मोठा मान. पुसेकरांना मात्र काळं कुत्रं पुसत नसे.

राज्याचे प्रधान मेंदोजीराव. लोकांच्या प्रश्नांनी ते वैतागले होते. त्यांना म्हणायचं होतं, ‘काही विचारू नका.’ पण जुनं, भारदस्त बोलायची भारी हौस! त्यांनी दवंडी पिटवली, "यापुढे कोणी काही पुसायचं नाही!"

सगुणाबाई पुसेकर पडल्या सरळमार्गी. त्यांनी फडकं खुंटीला टांगलं. साऱ्या पुसेकरांनी टांगलं.

तेवढ्यात निरोप आला, ‘चाला!’ टिळे लागले. हत्ती निघाला. तळं आलं, तो चालतच राहिला. केळीचं बन आलं, तरी चालतच राहिला! बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग समोर दरी दिसली. ‘थांबा!’ असा निरोप आला खरा, पण टिळे पुसणार कोण?

हत्ती पडला की राज्यही पडणार. सगुणाबाई प्रधानांकडे धावल्या.

"प्रधानजी, पुसू का?"

"पुन्हा पुसताय? दवंडी ऐकली नाही?"

"ऐकली, म्हणून तर पुसतेय. पुसू का?"

"बाई, पुसायचं नाही म्हणजे नाही!"

दरी दहा पावलांवर आली.

"खड्ड्यात गेली तुमची दवंडी!" असं म्हणून सगुणाबाईंनी पदर खोचला, फडकं ओढलं आणि भराभर टिळे पुसले. हत्ती थांबला. हवेतला एक पाय त्यानं हळूच मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हत्तीला इतक्या लांब आणल्याबद्दल टिळेकरांना शाल-श्रीफळ मिळालं. न पुसता पुसल्याबद्दल सगुणाबाईंवर चौकशी बसली. वर्षभर चालली. चौकशीत त्यांना कोणी काहीच पुसलं नाही.

तात्पर्य : चालवणाऱ्याला शाल मिळते, थांबवणाऱ्याला नोटीस. म्हणून बाळांनो, कुणाला वाचवायचंच असेल, तर आधी लेखी परवानगी घ्या. घाई नको. दरी कुठे पळून जात नाही.