पोट भरल्याचा दाखला

न्याहारीच्या डब्यावर ‘कमी कॅलरी, भरपूर तृप्ती’ असं छापायचं असेल, तर आधी तृप्ती तपासणी कार्यालयाचा दाखला लागतो. कार्यालयात पहिल्या मजल्यावर कॅलरी विभाग, दुसऱ्यावर तृप्ती विभाग. दोघांचं एकमेकांशी बोलणं फक्त पत्राने.

तृप्ती विभागाचं काम नियम सातप्रमाणे चालतं. सकाळी आठ वाजता पाच परीक्षकांनी तीस ग्रॅम माल एक कप साय काढलेल्या दुधातून खायचा. त्यानंतर काहीही खायचं नाही. अकरा वाजता साहेबांनी प्रत्येकाला विचारायचं, “भूक लागली आहे काय?” पाचही जण ‘नाही’ म्हणाले की दाखला. तीस ग्रॅममध्ये लहान मुलाचंही पोट भरत नाही, पण चौदा वर्षांत एकाही मालाचा दाखला अडला नव्हता.

यंदा एक परीक्षक निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर तात्पुरते आले. हे त्यांचं आडनाव नव्हे. आवक-जावकच्या टेबलावर अकरा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीत काढल्यामुळे सगळे त्यांना तसं म्हणत, आणि पुढे पोस्टमनही त्याच नावाने पत्रं आणू लागला. आता तीन महिन्यांची अजमाइश होती. ती नीट पार पडली तर नोकरी कायम. नाही पडली तर घरी, कारण आवक-जावकची खुर्ची तोवर दुसऱ्याला दिलेली होती.

पहिल्या दिवशी मक्याच्या चकत्या होत्या. तात्पुरत्यांनी वाटी संपवली, हात धुतले आणि अकराची वाट पाहत बसले. दहा वाजता कॅन्टीनची गाडी खडखडत आत आली. चहा, ब्रेड-बटर, तळलेली अंडी, केक.

“घ्या की,” शेजारचे काका म्हणाले. काका चौदा वर्षं परीक्षक होते आणि त्यांच्या शर्टाची शेवटची दोन बटणं कधीच लागत नसत.

“काका, पण परीक्षा चालू आहे ना?”

“मग? चहाच तर आहे.”

“आणि हे अंडं?”

“ते चहाबरोबरचं आहे.” काकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. “खायचं नाही असं नियमात आहे. चहाबरोबर घ्यायचं नाही असं कुठे आहे?”

तात्पुरत्यांना जुनं पित्त होतं. चहा आणि तळलेलं सहा वर्षं बंद. म्हणून त्यांनी गाडीला हात जोडले. यात प्रामाणिकपणाचा काहीही संबंध नव्हता.

अकरा वाजता साहेब आले. चौघांनी ‘नाही’ सांगितलं. काकांनी तर ढेकर देऊन सांगितलं. मग पाचव्या खुर्चीची पाळी आली.

“भूक लागली आहे काय?”

“हो, साहेब.”

साहेबांचं पेन थांबलं. “तात्पुरते, नीट विचार करून सांगा.”

“विचार करतोय म्हणून जास्तच लागलीय, साहेब.”

हेडक्लार्क बाईंनी रजिस्टर उघडलं. ‘नाही’चा रकाना शेवटपर्यंत भरलेला होता. ‘होय’च्या रकान्यात फक्त गिरगोट्या होत्या, कारण नवीन पेन चालतं की नाही हे बाई चौदा वर्षं तिथेच पाहत आल्या होत्या.

“लिहायला जागाच नाही,” बाई म्हणाल्या. “आज भूक नको होती बाई लागायला.”

दुसऱ्या दिवशी ओट्स. तिसऱ्या दिवशी गव्हाचा कोंडा. तात्पुरत्यांना रोज भूक लागत राहिली. बारा डब्यांचे दाखले अडले आणि तेच बारा पुन्हा पुन्हा परीक्षेला येऊ लागले. मग त्यांना मेमो मिळाला : ‘आपणास कार्यालयीन वेळेत भूक का लागते, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ तात्पुरत्यांनी लिहिलं : ‘खाणं कमी असल्यामुळे.’ त्यावर शेरा आला : ‘खुलासा असमाधानकारक. भूक वैयक्तिक स्वरूपाची दिसते.’

भूक वैयक्तिक ठरल्यावर त्यांना डॉक्टरांकडे धाडण्यात आलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, ठोकलं, कान लावून ऐकलं आणि ‘पोट सर्वसाधारण’ असं लिहून दिलं.

साहेब हादरले. “सर्वसाधारण पोट घेऊन तुम्ही या पदावर आलातच कसे?”

आता तात्पुरत्यांची बायकोही या डब्यांवरच होती. दोन महिन्यांपूर्वी ती जिन्यावर धापा टाकत बसली, तेव्हा डॉक्टरांनी सात किलो उतरवायला सांगितलं होतं. तिने दुकानात अर्धा तास उभं राहून, डबे उलटेपालटे करून, दाखला असलेला डबा निवडला होता. आता सकाळी तीस ग्रॅम आणि वर देवाचं नाव.

“काय गं, भरतं का पोट?” तात्पुरत्यांनी एका संध्याकाळी विचारलं.

“न भरून काय करतंय? तुमच्याच ऑफिसचा शिक्का आहे ना त्यावर,” ती हसून म्हणाली. “अहो, नवऱ्याच्या शब्दावर नसेल एक वेळ, शिक्क्यावर तरी विश्वास ठेवायला नको?”

तात्पुरत्यांनी आपल्या ताटातली अर्धी पोळी तिच्या ताटात सरकवली.

इकडे अजमाइशीचा शेवटचा आठवडा आला आणि वरून नवं परिपत्रक आलं. ‘कमी कॅलरी’ छापायचं तर पाचांपैकी एका तरी परीक्षकाचं वजन उतरलेलं असावं. कॅलरी विभागाने सगळ्यांना काट्यावर चढवलं. काका सहा किलोंनी वाढले होते. बाकीचे तिघेही वाढले होते. तात्पुरते पाच किलोंनी उतरले होते.

साहेब स्वतः तात्पुरत्यांच्या खुर्चीपाशी आले. त्यांनी तात्पुरत्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

“अहो, हिरा आहात तुम्ही! या चौघांमुळे तृप्ती सिद्ध होते, तुमच्यामुळे कॅलरी. एका डब्यावर दोन्ही छापता येतं. तुमच्यावाचून हे कार्यालय चालणार नाही. सोमवारी कायम करतो.”

“आणि भूक, साहेब?”

“भूक ठेवा. ती लागणारच, नाहीतर वजन कसं उतरेल? फक्त अडलेल्या डब्यांपुढे ‘नाही’च्या रकान्यात सह्या करा.”

“लागली असताना?”

“तात्पुरते, भूक पोटात असते आणि सही कागदावर. दोघांची गाठ कुठे पडते?”

त्या संध्याकाळी तात्पुरते घरी आले ते ठरवून. नोकरी गेली तर गेली. बायको तो डबा खाऊन भुकेने जिन्यात पडली, तर कायम होऊन काय चाटायचंय? घरात ऐकून घेणारं माणूस आहे तोवर सांगून टाकावं, मागाहून भिंतीला सांगून उपयोग नसतो. त्यांनी बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं : ती गाडी, ती अंडी, काकांचा ढेकर.

बायकोने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, “म्हणजे चौघं म्हणतात पोट भरतं, आणि तुम्ही एकटे म्हणता भरत नाही.”

“अगं, ते दहा वाजता खातात!”

“चहाबरोबर ना? मग बरोबर आहे त्यांचं. चहाबरोबरचं कुणी खाणं म्हणतं का? मीसुद्धा दहाला चहाबरोबर घेतेच की ब्रेडचे चार तुकडे. बटर लावून. राहिलेला केक असला तर तोही. तोसुद्धा ओट्यापाशी, उभ्याने.”

“उभ्याने?”

“उभ्याने खाल्लेलं धरत नाहीत. शेजारच्या वहिनीही धरत नाहीत. इतका छान डबा आहे, दुपारी एकपर्यंत भूक म्हणून लागत नाही. वजन तेवढं उतरत नाही, पण ते माझ्या हाडापेराचं असेल. उगाच चांगल्या डब्याला नावं ठेवू नका. आणि सोमवारी सही करा मुकाट्याने, कायम व्हा!”

बायकोच्या हनुवटीला केकचा कण होता, आणि ती गेल्या दोन महिन्यांत कधी नव्हे इतकी खुशीत दिसत होती. जिन्यात पडण्याची काहीही चिन्हं नव्हती. तात्पुरत्यांनी तिच्याच पदराने तो कण पुसला आणि फार दिवसांनी पोटभर हसले.

सोमवारी त्यांनी बारा सह्या केल्या आणि कायम झाले. त्यांचं पहिलं काम जनमत चाचणीचं आहे. दाखला मिळालेला डबा लोकांना कसा वाटतो हे घरोघर जाऊन विचारायचं. आतापर्यंत चारशे घरं झाली. चारशेही घरांनी सांगितलं : उत्तम आहे, पोट भरतं, आम्ही सकाळी त्याशिवाय काही खातच नाही.

तुमची गल्ली पुढच्या आठवड्यात आहे. तात्पुरते वेळेचे पक्के आहेत, दहा-सव्वादहाला बेल वाजवतात. तुम्ही जे काही सांगाल ते लिहून घेतील, वाद घालणार नाहीत. फक्त दार उघडण्याआधी तोंड पुसून घ्या.