पेटी वेळेत पोचवली

तुम्हाला म्हणून सांगते, एखादं काम माझ्याकडे दिलं की ते झालंच म्हणून समजायचं. मुख्याध्यापकांनाही मी हेच सांगितलं होतं. वीस वर्षं गणित शिकवतेय, दहा वर्षं गाडी चालवतेय, आणि तरी परीक्षा केंद्रावर प्रश्नपत्रिकांची पेटी न्यायचं काम दर वर्षी भूगोलाच्या सरांकडे जायचं. यंदा मी ते हट्टाने मागून घेतलं. "पेटी तासभर आधी पोचेल," असं वर ठणकावूनही सांगितलं.

सोबतीला शाळेचे शिपाई दिले होते. त्यांना सगळे नियमकाका म्हणतात. सूचनांचा कागद त्यांच्या खिशात होता, पण सगळं तोंडपाठ. पेटी नजरेआड करायची नाही. आत काय आहे ते वाटेत कुणाला सांगायचं नाही.

"मॅडम, शिंक आली तरी एक डोळा उघडा ठेवायचा," ते म्हणाले. हे कागदावर नसावं, पण मी मान डोलावली.

पेपर अकराचा. साडेनऊला निम्मा रस्ता सरला होता आणि मी भूगोलाच्या सरांचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आणत होते, तेवढ्यात गाडी लंगडायला लागली. उतरून पाहिलं तर मागचं चाक ओल्या पायपुसण्यासारखं रस्त्यावर पसरलेलं.

"काळजी करू नका काका. चाक बदलायला मला पंधरा मिनिटं लागतात."

खरं तर नवऱ्याला लागतात. मी नुसतं शेजारी उभं राहून पाहिलेलं. तरी मी बोल्ट सैल केले, जॅक लावला, गाडी उचलली आणि चाक काढून बाजूला ठेवलं. हात काळे, कपाळ काळं, पण ऐट काय विचारता. मग डिकीतली चटई उचलली. खाली स्टेपनीच्या मापाचा एक छानसा खड्डा होता. त्यात एक मोडकी छत्री.

नवऱ्याला फोन लावला. "आपली स्टेपनी कुठंय?"

"माळ्यावर," तो खुशीत म्हणाला. "गाडी हलकी झाल्यासारखी वाटते की नाही? वजन कमी केलं की पेट्रोल वाचतं."

"आत्ताच्या आत्ता घेऊन ये."

"कशातून? गाडी तर तुझ्याकडे आहे."

मी फोन ठेवला. पेटी कडेला काढली आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात दाखवायला लागलो. एक ट्रक थांबला. चालक भला माणूस होता.

"बसा ताई. पेटी टाकू मागे."

"पेटी नजरेआड करता येत नाही," नियमकाका म्हणाले.

"असं काय आहे त्यात?"

"ते सांगता येत नाही."

चालकाने पेटीवरचे लाखेचे शिक्के पाहिले, माझे काळे हात पाहिले आणि त्याला एकदम दुसरीकडचं काम आठवलं.

मग एक नवरा-बायको थांबले. ती बाई तर मदतीला खाली उतरली आणि पेटी उचलायला वाकली. नियमकाका धावले. "हात लावू नका. फुटली तर आम्ही दोघंही कामातून गेलो."

त्यांना पेपर फुटण्याचं म्हणायचं होतं. पण बाई गाडीत बसायच्या आधीच नवऱ्याने गाडी हलवली होती. बिचारी दार उघडं धरून पळत पळत आत शिरली.

दहाच मिनिटांत मोटरसायकलवरून हवालदार आले. चाळीस पावलांवर थांबले, दोन्हीकडची वाहनं अडवली आणि तिथूनच ओरडले, "पेटीपासून लांब व्हा."

"तिला सोडून जाता येत नाही," नियमकाका पेटीवर बसत म्हणाले.

"आत काय आहे?"

"ते सांगता येत नाही."

सव्वादहा वाजले होते. चारशे मुलं बाकांवर बसून माझी वाट पाहणार होती. माझा धीर सुटला आणि मी सगळा जोर लावून ओरडले, "प्रश्नपत्रिका आहेत हो त्यात!"

आणि मग पाहिलं. हवालदारांनी अडवलेल्या वाहनांत सगळ्यात पुढे एक बस होती, आणि तिच्या प्रत्येक खिडकीतून परीक्षेला निघालेली मुलं माना काढून आमच्याकडे बघत होती.

हवालदारांनीच आम्हाला त्या बसमध्ये बसवलं. नियमकाकांनी आधी खिशातला कागद उघडून दोनदा वाचला. "परीक्षार्थींबरोबर नेऊ नये असं लिहिलेलं नाही. असं कुणी करेल हे लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार."

मी पेटी मांडीवर घेऊन पुढे बसले. मागून एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, पेटी पोचलीच नाही तर?"

"तर परीक्षा पुढे जाईल," मी खरं ते सांगून टाकलं. चूक झाली. बसमध्ये अशी शांतता पसरली की तशी वीस वर्षांत माझ्या वर्गात पसरली नव्हती. पुढच्या पाच मिनिटांत एकाला मळमळायला लागलं, दोघींना उतरून पाणी प्यायचं होतं, आणि मागच्या बाकावरची मंडळी चालकाच्या तब्येतीची काळजी करू लागली. "काका, सावकाश. घाई कशाला?"

चालकाने आरशातून मागे पाहिलं. "माझी पोरगी या बसमध्ये आहे. सहा महिने तिने आम्हाला घरात टीव्ही लावू दिलेला नाही. परीक्षा आजच होणार." आणि त्यांनी जी बस सोडली, ती थेट केंद्राच्या दारात थांबवली.

अकराला दहा कमी. मी पेटी उराशी धरून केंद्रप्रमुख बाईंच्या खोलीत घुसले. "आणली," एवढाच शब्द फुटला.

"अरे वा. ठेवा त्या कपाटावर."

"कपाटावर? अहो, दहा मिनिटं राहिलीत."

"पेपर काल संध्याकाळीच आले. आत्ता वर्गांवर गेलेसुद्धा," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "ही राखीव पेटी. कुठे कमी पडले तर असावेत म्हणून मागवतो. इतक्या वर्षांत उघडावी काही लागली नाही."

मी खुर्चीत बसले. नियमकाका बसले नाहीत. ते कपाटासमोर उभे राहिले आणि पेपर संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

हे राखीव प्रकरण मी घरी अजून बोललेले नाही. नवऱ्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्या पेट्रोलच्या बचतीपायी चारशे मुलांचं वर्ष बुडता बुडता राहिलं. महिना झाला, रात्रीची भांडी तोच घासतोय. तेव्हा तुमची-त्याची कधी गाठ पडलीच, तर कृपा करून परीक्षेचा विषय काढू नका.